अप्पानं शाळेत आणलेला काळा मेंढा

इंग्रजीत ‘ब्लॅक शीप’ म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा माणूस, हे मला बसवकल्याणच्या कॉलेजात कळलं. सरांनी फळ्यावर वाक्प्रचार लिहिले, प्रत्येकापुढं अर्थ लिहिला आणि म्हणाले, परीक्षेला यातले येतात, उतरून घ्या. मी उतरून घेतले. काळी मेंढी, घरातला नालायक. वर्गातल्या बाकीच्या पोरींनी लिहिलं तसंच मीही लिहिलं. फरक एवढाच की सकाळी बस धरायला येताना मी आमच्याच मेंढरांमधून वाट काढत आले होते, आणि ती सगळी काळी होती.

आमच्याकडं मेंढरू म्हटलं की काळंच. चुकून पायात पांढरं घेऊन एखादं जन्मलं तर माय म्हणते, हे कुणावर गेलंय गं? काळ्या लोकरीला रंग द्यावा लागत नाही. कातरायची, पिंजायची, सूत काढायचं आणि विणणाऱ्याकडं द्यायची. घोंगडी होऊन येते, ती जन्माला पुरते. कळपासाठी मेंढा निवडायचा असला की अप्पा पिल्लाला मांडीवर घेऊन त्याची लोकर उलटी करून बघतो. वरून काळं असून भागत नाही, मुळापर्यंत काळं पाहिजे. तसा नर निघाला तरच तो घरी राहतो. बाकीचे बाजाराला जातात.

हे मी त्या दिवशी सरांना सांगू शकले असते. मी काही गप्प बसणारी मुलगी नव्हते. आमच्या भावकीत पहिली पदवी माझी. तिच्यासाठी मी कुणाची चिठ्ठी आणली नाही की कुणाच्या पाया पडले नाही. बसमध्ये पासवरून कंडक्टर वाकडं बोलला तर सगळ्या बसला ऐकू जाईल असं उत्तर द्यायची. पण वर्गात मेंढरांचं नाव मी कधी काढलं नाही. कपड्यांना वास येत असेल म्हणून पुढच्या बाकावर बसत नव्हते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आता मी बीदरमध्ये एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. खोली घेऊन राहते. आमचं गाव राजेश्वरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत. रविवारी मी गावी जाते. अप्पा मात्र माझ्या शाळेत कधी आला नव्हता, कारण मी त्याला बोलावलंच नव्हतं. त्यानं विषय काढून बघितला होता.

“तुझी शाळा केवढी हाय?”

“हाय मोठी.”

“आमी आलो तर आत सोडतेत का?”

“सोडतेत की. पण तू येऊन काय करणार तिथं?”

“बघतो. पोरगी कुठं बसती, कुठं उभारती. बाप हाय का न्हाई मी?”

“ये की कवातरी,” असं म्हणून मी मायला भाकरी झाली का विचारायची.

त्याला नुसतं बघायला यायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आमच्या भावकीत एक रीत आहे. ज्या दाराशी नातं जोडायचं, मग ते लेकीचं सासर असो नाहीतर ज्याच्या रानात मेंढरं बसवायची तो शेतकरी असो, तिथं पहिल्यांदा जाताना कळपाचा मेंढा संगं न्यायचा. द्यायला नाही, दाखवायला. त्या दारच्या माणसानं मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला की ते दार आपलं झालं. नाही लावला तर मेंढा कोऱ्या कपाळानं परत आणायचा, आणि गावात सगळे विचारतात. अप्पाच्या लेखी शाळा हे माझं दुसरं घर होतं. “पोरगी तिथली भाकर खायली,” तो मायला म्हणायचा, “आन् त्या दारी आपला मेंढा गेला न्हाई.”

मला हे डोळ्यांसमोरसुद्धा आणायचं नव्हतं. आमच्या शाळेच्या फाटकातून फटफट्या आणि मोटारी आत येतात. आई-बाप पोरांशी इंग्रजीत बोलतात, येत नसली तरी बोलतात. तिथं माझा बाप मेंढ्याचं शिंग धरून उभा आहे आणि मुख्याध्यापिकाबाई हळदीत बोट बुडवून मेंढ्याला लावतायत, असं चित्र मनात आलं की माझे कान गरम व्हायचे.

आमच्या शाळेत शनिवारी प्रार्थनेनंतर एक इंग्रजी वाक्प्रचार समजावून सांगतात. अर्थ, तो कुठून आला ते, आणि जमलं तर त्यातली वस्तू प्रत्यक्ष आणून दाखवायची. विज्ञानाच्या मॅडमनी बर्फ फोडण्याचा वाक्प्रचार घेतला तेव्हा खराखुरा बर्फ आणला होता आणि पोरांनी त्याचे तुकडे पळवले होते. माझी पाळी आली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी वाक्प्रचार स्वतःच निवडून दिला.

“ब्लॅक शीप तुम्ही घ्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरी मेंढ्या आहेत म्हणे. एखादी आणता आली तर मुलं खूश होतील.”

बाई वाईट नाहीत. त्यांच्या मनात काही नव्हतं. तरी माझ्या घरी मेंढ्या आहेत हे यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न मला दिवसभर टोचत राहिला.

“गाव लांब आहे, मॅडम. जमायचं नाही,” मी म्हणाले. “मी चार्ट करते.”

खोलीवर येऊन मी तो वाक्प्रचार कुठून आला ते शोधलं. गोष्ट साधीच निघाली. तिकडं इंग्लंडात जुन्या काळी लोकरीचा मोठा व्यापार होता. पांढऱ्या लोकरीला पाहिजे तो रंग चढतो, काळीवर कुठलाच चढत नाही. म्हणून व्यापारी काळी लोकर घ्यायला नाखूश असत, घेतली तरी कमी भावानं. पांढऱ्या कळपात एखादं काळं पिल्लू जन्मलं की मालकाचं तोंड पडायचं. काही लोक तर ती सैतानाची खूण मानायचे. मग घरातलं जे माणूस वाईट निघालं त्याला काळी मेंढी म्हणायला लागले.

रंग चढत नाही, एवढाच तिचा गुन्हा. आमच्याकडं तोच तिचा गुण. हे चार्टवर खाली एका ओळीत लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मिस, तुम्हाला कसं माहीत? सातवीच्या एका मुलीकडून मी चित्र काढून घेतलं. हिरवं कुरण, हसऱ्या पांढऱ्या मेंढ्या, आणि कोपऱ्यात खाली मान घातलेली एक काळी.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मायचा फोन आला. तिला फोन कानाला धरायचा कंटाळा, त्यामुळं स्पीकर चालू असतो आणि घरातलं सगळं जग ऐकत असतं. बोलता बोलता मी हसत सांगितलं, “आमच्या म्याडम तर शाळेत मेंढरू घेऊन ये म्हणल्या.” मायही हसली. मागून अप्पाचा आवाज आला.

“कसलं मेंढरू?”

“काळं. पोरांना दाखवायला.”

“काळंच कामून?”

“इंग्रजीत काळ्या मेंढीवर एक बोलणं हाय, अप्पा. ते शिकवायचंय.”

“काय बोलणं हाय?”

इथं मी थांबले. मग म्हणाले, “हाय असंच. एखाद्या घरातलं एक माणूस बाकीच्याहून येगळं निघालं की त्याला तसं म्हणतेत.”

“म्हंजी तुझ्यावानी.”

मायनं विचारलं, आवाज गेला का गं? मी म्हणाले, “व्हय अप्पा. तसंच समज.”

“बघ,” तो मायला म्हणाला, “इंग्रजालाबी कळतंय काळं काय असतंय ते.” मग मला विचारलं, “मग म्याडमला काय सांगितलीस?”

“न्हाई म्हणलं. लांब पडतंय.”

मला वाटलं, विषय संपला.

मी खोटं बोलले नव्हते, अर्धं बोलले होते. पूर्ण सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, काळं वाईट कामून? आणि मला सांगावं लागलं असतं की बाजारात त्या लोकरीला भाव नव्हता म्हणून. सांगणार मी, आणि लोकर त्याची. एरवी कुणाच्याही तोंडावर बोलणारी मी, तेवढं एक वाक्य मला आपल्या बापाशी बोलता आलं नाही.

शनिवारी सकाळी पोरं मैदानात रांगा करत होती. आमची शाळा तांबड्या मुरमाच्या उंचवट्यावर आहे, फाटकापासून मैदानापर्यंत चढ लागतो. शिपाई धापा टाकत वर आला.

“मिस, गेटवर तुमचे वडील आलेत. मेंढा हाय संगं.”

मी खाली गेले. अप्पा फाटकाच्या आत, बोगनवेलीच्या सावलीत उभा होता. अंगात चुलतभावाच्या लग्नात शिवलेला सदरा, डोक्याला धुतलेला फेटा. मेंढ्याला आदल्या दिवशी नदीत घातलेलं दिसत होतं. लोकर फुलली होती, शिंगांना तेल होतं, गळ्यात लाल गोंडा. राजेश्वरहून भाजीचा टेम्पो बाजाराला येतो, त्यात मागं कोथिंबिरीच्या गाठोड्यांत बसून दोघं आले होते. कोथिंबिरीची एक काडी अप्पाच्या फेट्यात अडकली होती.

“अप्पा, हे काय?”

“तूच म्हणलीस की पायजे म्हणून.”

“म्या त्यांना न्हाई म्हणून सांगितलं व्हतं.”

“लांब पडतंय म्हणलीस. आता कुठं लांब पडलं? आलो की.” मग शिपायाकडं बोट करून म्हणाला, “ह्यो आडवायला मला. मी म्हणलो, मिसचा बाप हाय मी.”

शिपाई हसला. मीही हसल्यासारखं केलं आणि फेट्यातली काडी काढून टाकली.

मुख्याध्यापिकाबाई मेंढा बघून खरोखर खूश झाल्या. कानडीत अप्पाची चौकशी केली, प्रवास कसा झाला, मेंढा मारत तर नाही ना. अप्पाची कानडी माझ्याहून चांगली आहे. त्यानं सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि कमरेची पिशवी सोडून भंडारा त्यांच्यापुढं धरला. बाईंना वाटलं देवाचा अंगारा आहे. त्यांनी चिमूट घेतली, स्वतःच्या कपाळाला लावली, हात जोडले आणि म्हणाल्या, “चला, उशीर होतोय.”

अप्पा पिशवी तशीच धरून उभा राहिला. हळूच मला म्हणाला, “बाईला सांग, मेंढ्याला लावायचं असतंय.”

“नंतर, अप्पा.”

“बरं. नंतर.” त्यानं पिशवीची नाडी ओढली नाही. उघड्या पिशवीचं तोंड मुठीत धरून तो माझ्यामागं मैदानात आला.

मला तेव्हाच बाईंना सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. त्यांनी हसत लावलाही असता. पण चारी बाजूंनी शाळेतली माणसं होती आणि आमची रीत मला त्यांच्यापुढं उलगडून दाखवायची नव्हती.

प्रार्थना झाली. माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले, माझ्या एका बाजूला चार्ट टांगलेला, दुसऱ्या बाजूला अप्पा आणि मेंढा. अप्पाला इंग्रजी येत नाही, तोच माझा आडोसा होता. मी त्या आडोशाला उभी राहून बोलायला लागले. वाक्प्रचार सांगितला, तो कुठं वापरतात ते सांगितलं. तेवढ्यात विमानतळाकडून सरावाचं विमान डोक्यावरून गेलं. बीदरमध्ये हे रोजचंच. विमान आलं की बोलणारा थांबतो, गेलं की पुढं बोलतो. मेंढा दचकला, अप्पानं त्याची मान मांडीशी धरली. तेवढ्या वेळात मी पाठ केलेलं मनात उलटून बघितलं. बदलायला जागा होती. आमच्या भागात काळी मेंढी चांगली समजतात, हे इंग्रजीत म्हणायला मला काही अवघड नव्हतं.

विमान गेलं. मी पाठ केलेलंच बोलले. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, म्हणून तिची किंमत कमी. जो आपल्या घराण्याला लाज आणतो तो ब्लॅक शीप. पोरं हसली. पुढच्या रांगेतल्यांनी चार्टवरच्या काळ्या मेंढीकडं आणि मग आमच्या मेंढ्याकडं बोट दाखवलं. पोरं हसतायत म्हणून अप्पाही हसला. मागच्या रांगांना दिसावं म्हणून त्यानं मेंढ्याची हनुवटी वर उचलून धरली.

टाळ्या झाल्या आणि मी माईक सोडला. तो खेळाच्या सरांनी घेतला. लहान वर्गांना इंग्रजी कळत नाही म्हणून ते दर शनिवारी थोडक्यात कानडीत सांगतात. मी हे विसरले होते, की विसरायचं ठरवलं होतं, मला अजून नक्की सांगता येत नाही. सर खणखणीत आवाजात म्हणाले, “चांगल्या घरात एखादा नासका निघतो, घराचं नाव घालवतो, त्याला इंग्रजीत काळी मेंढी म्हणतात. काळ्या लोकरीला काडीची किंमत नसते, म्हणून.”

मी अप्पाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तो अजून हसत होता, म्हणजे तोंड तसंच राहिलं होतं. आधी त्यानं मेंढ्याकडं बघितलं. मग मान वळवून चार्ट बघितला, कोपऱ्यातली ती खाली मान घातलेली मेंढी. मग हनुवटीखालचा हात काढला, मेंढ्याला स्वतःच्या पायांमागं घेतलं आणि पिशवीची नाडी ओढून गाठ मारली.

रांगा वर्गाकडं निघाल्या. मी त्याच्याकडं जायच्या आत तो मुख्याध्यापिकाबाईंपुढं जाऊन उभा राहिला होता.

“म्याडम, चुकलं,” तो कानडीत म्हणाला. “पांढरं आणायला पायजे व्हतं. आमच्याकडं पांढरं न्हाई.”

बाईंना काहीच उलगडलं नाही. “अहो, काळीच हवी होती,” त्या हसून म्हणाल्या. “अगदी बरोबर आणलात तुम्ही. चहा घेऊन जा.”

“न्हाई, टेम्पो उभाय.”

टेम्पो केव्हाच बाजारात गेला होता. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेले. उतारावर मेंढा पुढं ओढत होता, गळ्यातला गोंडा हलत होता. शेवटी म्हणाले, “अप्पा, ते इंग्रजाचं बोलणं हाय. आपलं न्हाई.”

“व्हय की. मला काय कळतंय त्यातलं.”

फाटकाशी तो थांबला. शिपाई जवळच होता म्हणून आवाज खाली आणला.

“फोनवर मी म्हणलो व्हतो, तुझ्यावानी म्हणून.”

मी मान खाली घातली.

“मला तुला तसलं म्हणायचं न्हवतं, बाई. मला ठावंच न्हवतं. मनाला लावून घेऊ नको.”

माझीच माफी मागून तो निघाला. घंटा झाली होती. पोरं वाट बघायलीत, जा, म्हणाला. मी गेले. दिवसभर तास घेतले. पाचवीच्या एका मुलीनं विचारलं, “मिस, तुमच्या वडिलांचा मेंढा परत कधी येणार?” मी तिला पाढे म्हटल्यासारखं शांतपणे सांगितलं की वही काढ. बीदरहून तो मेंढ्यासकट कसा गेला, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. नंतर मायकडून कळलं की हुमनाबादच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्यानं त्यांना वर घेतलं, तोवर बराच वेळ ते दोघं चालत होते.

त्या रविवारी मी गावी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. पुढच्या रविवारी गेले.

अंगणात अप्पा, माझा चुलता आणि शेजारची म्हातारी बसली होती. मेंढवाड्याच्या कुडाशी, काळ्या मेंढरांच्या गर्दीत, एक पांढरं स्वच्छ कोकरू ओरडत फिरत होतं. कुठलीच मेंढी त्याला जवळ येऊ देत नव्हती. जहिराबादकडचा एक कळपवाला आमच्या शिवारात उतरला होता, त्याला एक चांगली काळी मेंढी देऊन अप्पानं हे बदलून घेतलं होतं. माय चुलीपाशी गप्प होती. तिच्या गप्प असण्यावरून मला कळलं की दिलेली मेंढी तिच्या लाडाची होती.

“ये मास्तरीणबाई,” काका म्हणाला. “तूच आता न्याय कर. तुझा बाप मेंढा घेऊन वाजतगाजत शाळेला गेला. आला तो कोऱ्या कपाळाचा मेंढा घेऊन आला. भंडारा लावला का न्हाई, कामून न्हाई लावला, इचारलं तर हुं का चूं करंना. आन् वर हे पांढरं भूत आणून ठेवलंय.”

“भूत कामून?” अप्पा म्हणाला. “चांगलं हाय ते. त्यांच्यात पांढरं चालतंय. हे मोठं झालं की पुढच्या बारीला ह्याला नेतो.”

“पांढरंच पायजे तर तूच जा की नुसता,” म्हातारी म्हणाली. “तुझ्या डोस्क्यावर काय कमी हाय?”

काका खो खो हसला. अप्पाही हसला, आणि मग त्यानं ती गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली. टेम्पो, कोथिंबीर, शिपाई, म्याडमनी स्वतःलाच भंडारा लावला तो प्रकार, विमानाला मेंढा भ्याला ते. सांगता सांगता स्वतःचीच नक्कल केली, हनुवटी धरून मेंढा कसा दाखवत होता आणि पोरं कामून हसायलीत ते न कळून कसा दात काढत उभा होता. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. मी जोत्यावर बसून ऐकत होते.

“पर तिनं सांगितलं न्हवतं का तुला?” काकानं माझ्याकडं बघून विचारलं. “शिकलेली हाय ती. तिला ठावं असंल की काळं वाईट म्हणून.”

काकाची धाकटी यंदा बारावीला आहे. तिला पुढं कॉलेजात घालायचं की लग्न करायचं, यावर त्यांच्या घरात दिवाळीपासून बोलणं चाललं होतं. काकाचा प्रश्न थट्टेचा नव्हता.

“सांगितलं व्हतं की,” अप्पा म्हणाला. “फोनवर चांगलं फोडून सांगितलं. अप्पा, तिकडं काळं म्हंजी वाईट असतंय, आणू नको म्हणून. माझंच ध्यान ठिकाणावर न्हवतं. आजकाल ऐकू कमी येतंय मला. पोरीची फजिती केली सगळ्या शाळेत.”

अप्पाला ऐकू कमी येत नाही. ओढ्यापलीकडं कोकरू ओरडलं तर ते कुणाचं, हे तो इथं बसून सांगतो.

“काका,” मी म्हणाले, “अप्पाला म्या…”

“बाई,” अप्पा मध्येच म्हणाला, “काकाला पाणी आण.”

मी त्याच्याकडं बघितलं. तो कोकराकडं बघत होता.

मी उठले आणि आत गेले. रांजणातून तांब्या भरला. माय म्हणाली, जरा दमानं, सांडायलीस. पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा माझं वाक्य घशात होतंच, पण ते पुढं ढकलायला लागणारं बळ आत सांडून आले होते. काकानं तांब्या घेतला, वरून पाणी प्याला, मिशा पुसल्या.

“इंग्रजीत आजून काय काय वाईट असतंय गं?” त्यानं विचारलं. “येकदा सगळं सांगून ठेव. न्हाईतर तुझा बाप पुढच्या शनिवारी बैल घेऊन येतोय.”

म्हातारी हसली, चुलीपाशी मायही हसली. अप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि हसताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.